मशेरीचा ठसका मोजायचा नसतो

पंचमावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी हुंगायची. कुणी बस म्हणायच्या आत, उंबऱ्यातच उभी राहून नाक वर करायची, दोनदा लांब श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "उंदीर मेलाय. माळ्यावर बघ." किंवा, "सून नवीन तेल लावते, नाय?" एका साखरपुड्यात तिने मुलाच्या काकांजवळून जाताना नाक वर केलं आणि "हे घरूनच पिऊन आलेत," असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. काकांनी ते नाकारलंही नाही. लोक तिला घरी बोलवायला जरा कचरत. पण ती बोलावण्याची वाट कुठे बघत होती?

पंचमावशी हे नाव तिला पोलिसांमुळे पडलं. डहाणूजवळच्या आमच्या नरपडच्या किनाऱ्यावरून कुणाच्या तरी बोटीचं इंजिन चोरीला गेलं, तेव्हा पंच म्हणून सही करायला माणूस हवा होता. निम्मे पुरुष समुद्रावर होते आणि उरलेले घरात दडून बसले. मावशी मासे विकून रिकामी टोपली घेऊन परत येत होती, तिलाच उभी केली. हवालदार मोठ्याने बोलत लिहीत होता, "आम्ही पंच समक्ष हजर राहून..." मावशीला ते इतकं आवडलं की तिने त्याला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. इंजिन काही सापडलं नाही. मावशीला मात्र जन्माचा शब्द सापडला. त्या दिवसापासून दूध नासलं तरी पंचनामा आणि मांजराने बांगडा पळवला तरी पंचनामा.

मी तिच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले ती कोल्हापूरकडून. डहाणूतल्या एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळायची नोकरी लागली होती आणि वर्षभर काम बघून मग कायम करणार होते. मला लहानपणापासून दमा. आईने निघताना बजावलं होतं की लग्न ठरेपर्यंत पंप कुणाच्या नजरेला पडता कामा नये. त्यामुळे दम लागला की मी न्हाणीघरात जायचे, नळ सोडायचे आणि त्या आवाजात पंप ओढायचे. आठवड्याभरातच मावशीने बाहेरून दारावर काठी हाणली. "बाय, आत साप फुसफुसतोय, हलू नको."

मी पंप हातात घेऊन बाहेर आले. तिने तो उलटसुलट करून बघितला, हुंगला आणि म्हणाली, "सायकलला पंप मारताना कोण लाजतं काय? तू छातीला मारतेस. यात लपवायसारखं काय हाय?"

दुसऱ्याच दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. एक पंप रोजचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. दुसरा दम लागेल तेव्हाचा, तो सतत जवळ ठेवायचा. पंपाची सवय लागते वगैरे आईचं म्हणणं त्यांनी हसण्यावारी नेलं. मग म्हणाल्या, "आणि प्रत्येक वेळी दम लागायच्या आधी आसपास काय होतं ते लिहून ठेवा. प्रत्येकाला त्रास देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. तुमच्या कोणत्या ते कळलं की त्या टाळता येतील." हे त्यांनी मला सांगितलं होतं, पण ऐकलं मावशीने. परत येताना रिक्षात ती एकदम गप्प होती. एवढी मोठी केस तिच्या हातात यापूर्वी आलेली नव्हती.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला तिने जाळ्याच्या दोरीने पेन्सिल बांधली. दम लागला की त्या तारखेवर मी फुली मारायची आणि मग ती आरोपी शोधणार. पहिल्या महिन्यात कॅलेंडर फुल्यांनी भरून गेलं आणि अर्धं नरपड संशयित ठरलं. माझी गादी बाहेर काढून काठीने बडवली, तेव्हा जी धूळ उडाली ती बघून ती म्हणाली, "या गादीत तुझ्यापेक्षा जास्त माणसं राहतात." तेव्हापासून चादर-उशीचे अभ्रे दर आठवड्याला उकळत्या पाण्यात आणि गोधडी उन्हात. धूळ झाडायची ती मी बाहेर गेल्यावर, तीही ओल्या फडक्याने. डासांची अगरबत्ती हद्दपार होऊन मच्छरदाणी आली. पावसाळ्यात माझ्या भिंतीला काळी बुरशी धरली, तेव्हा तिने कपाट ओढून बाजूला केलं, भिंत घासली आणि पाणी जिथून झिरपत होतं तिथली कौलं स्वतः वर चढून बदलली. मांजराला माझ्या खोलीत बंदी झाली. ते मांजर शेवटपर्यंत माझ्याशी फटकून वागलं.

शेजारी एक गुजराती भाभी राहायच्या. त्या सकाळ-संध्याकाळ इतका धूप घालायच्या की त्यांचे देव दिसत नसत. मावशी त्यांना दम द्यायला गेली. भाभी शांतपणे म्हणाल्या, "भगवान ना पाडशे तो बंद करीश." देवाने नको म्हटलं तर बंद करेन. मावशी देवघरापुढे उभी राहिली, धुरात डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "नाक तर दिलंय तुम्ही याला. मग तो खोकत असणार, तुम्हाला आरतीच्या टाळ्यांत ऐकू येत नाय." भाभी हसत सुटल्या. तेव्हापासून आमच्याकडची खिडकी लावून आणि पलीकडची उघडून धूप व्हायला लागला. मला दमा आहे हे गावभर झालं ते असं. आईला कळवण्याचं धाडस मी केलं नाही.

मला स्वतःला खरा संशय होता तो बोंबलांवर. घराच्या समोरच बांबूंवर ते वाळत टांगलेले असत आणि त्या वासाने मी पहिल्या दिवशी ओकारी थांबवून धरली होती. मावशीने त्यांच्यावर रीतसर खटला चालवला. पंप माझ्या हातात देऊन मला तासभर बांबूंखाली बसवलं आणि स्वतः समोर बसून माझ्या छातीकडे बघत राहिली. काहीही झालं नाही. "वास मारतो म्हणून तो गुन्हेगार नसतो," ती म्हणाली. "उगाच कुणाचं नाव घेऊ नको." बोंबील निर्दोष सुटले आणि त्या संध्याकाळी आम्ही त्यांचं कालवण खाल्लं.

महिन्यांमागून महिने गेले, फुल्या कमी होत गेल्या आणि शेवटी एकच वार उरला. सोमवार. दर सोमवारी पहाटे माझी छाती आवळायची आणि मी कचेरीत उशिरा तरी पोचायचे किंवा रजा टाकायचे. साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचा दमा रविवारी सुट्टीवर असतो आणि सोमवारी बरोबर कामावर येतो." सगळे हसले. मग खोलीत बोलावून त्यांनी न हसता सांगितलं की असंच चाललं तर कायम करायच्या कागदावर त्यांना विचार करावा लागेल. फोनवर आई म्हणत होतीच की परत ये, एक स्थळ सांगून आलंय. मला परत जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात माझ्या खोलीची किल्ली होती. ती सोडायच्या विचाराने मला दम्यापेक्षा जास्त घुसमटायला व्हायचं.

मावशी सरळ कचेरीत आली. रेकॉर्ड रूममधल्या एका गठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट साहेबांच्या नाकासमोर धरलं. "साहेब, समक्ष बघा. ही रोज हे खाते." साहेब मागे सरकले. बोट पुढे सरकलं. पुढच्या आठवड्यात मला तिथून उठवून अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसवण्यात आलं. तिथे हवा होती, उजेड होता. तरीही सोमवारी पहाटे फुली आलीच. मावशीला तो स्वतःचा अपमान वाटला.

अशात तिच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि ती तीन आठवड्यांसाठी तलासरीला गेली.

पहिल्या सोमवारी मी वेळेवर कचेरीत पोचले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्या सोमवारीही पोचले. त्या संध्याकाळी घरी चहाचं आधण ठेवताना माझं लक्ष खुंटीला टांगलेल्या छोट्या काळ्या तव्याकडे गेलं आणि मी गॅस बंद करून खालीच बसले.

तो मशेरीचा तवा होता. दर रविवारी सकाळी मावशी त्यावर तंबाखू भाजायची, पार काळी होईपर्यंत. मग कुटून तिची पूड डबीत भरायची आणि आठवडाभर दातांना लावायची. भाजताना असा धूर व्हायचा की मी खोकायचे, मावशी खोकायची, मांजर शिंकत बाहेर पळायचं, भाभी पलीकडून खिडकी आपटायच्या. पहिल्याच रविवारी मी खोकत पेन्सिल हातात घेतली, तेव्हा मावशीने माझा हात धरला होता. "हा नको लिहू. हा मशेरीचा ठसका. हा सगळ्यांनाच लागतो, हा मोजायचा नसतो." मलाही ते पटलं होतं. सगळं घर खोकतं म्हणजे तो आजार नव्हे, ती रीत. छाती रविवारी चिडायची आणि सोमवारी पहाटे आवळायची, आणि आम्ही दोघी सोमवारला धरून बसलो होतो.

मला ते तिला सांगवेना. मशेरी लावून ती पायरीवर बसायची, एक बोट तोंडात, डोळे अर्धे मिटलेले. दिवसभरात तेवढाच वेळ ती कुणावर आरोप करत नसे. नवरा गेल्यापासून तिने दोन मुलं मोठी केली होती, त्यात स्वतःसाठी म्हणून केलेली मला तेवढी एकच गोष्ट दिसली होती. म्हणून तिसऱ्या सोमवारी, ठणठणीत असताना, मी पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवर एक फुली मारली. ती तलासरीला गेली तरी दमा येतो, एवढं त्यावरून दिसलं असतं. मागचे दोन सोमवार कोरे होते, पण दोन चुकले असं म्हणता आलं असतं.

बुधवारी ती आली. नातीचं कौतुक सांगत सांगत कॅलेंडरसमोर उभी राहिली आणि बोलायची थांबली.

"सोमवारी लागला?"

"हो. पहाटे."

"पंप मारलास?"

"मारला ना."

तिने त्या फुलीवरून अंगठा फिरवला. "खोटा पंचनामा करतेस, बाय. तुझी एकेक फुली मी बघितलीय. दम लागलेल्या माणसाची फुली सरळ येत नाय. ही तर रांगोळीतली हाय." मग ती पाटावर बसली. "म्हणजे मी गेले नि तू बरी झालीस. आरोपी मीच."

"तू नाहीस, मावशी. तवा."

"तव्याचं काय? मशेरीचा ठसका तर मोजायचा नसतो." हे बोलून ती थांबली. स्वतःचंच वाक्य तिने पुन्हा एकदा ऐकल्यासारखं केलं. "कोण बोललं होतं हे?"

"तूच."

"शाणी," ती स्वतःला म्हणाली.

मशेरी तिने त्या दिवशी लगेच सोडली वगैरे नाही. आधी तवा घेऊन ती किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत जाऊन भाजायला लागली. पण लुगड्यात धूर घेऊन घरी यायची आणि मला ठसका लागायचा. मग परतताना लुगडं बदलणं आलं. मग एका रविवारी ती अर्ध्या वाटेवरून परतली, तवा परसात फेकला आणि म्हणाली, "एवढ्या उठाठेवीत दात पडून जातील." पुढचा महिना गावाला भारी गेला. तिने मासे घेणाऱ्या गिऱ्हाइकांना दम दिला, रिक्षावाल्यांना दिला, भाभींच्या देवालाही दिला. टूथपेस्टला ती लग्नातला केक म्हणायची. पण सोमवार कोरे राहिले, सगळे. वर्षाच्या शेवटी माझा कागद सही होऊन आला तेव्हा मी तो तिच्याच हातात दिला. तिने तो आधी हुंगला.

पाच वर्षांनी माझी बदली कोल्हापूरला झाली. मी निघाले तो सोमवार होता. ती स्टँडवर आली नाही. म्हणाली, "तव्यावर भाकरी हाय, जा तू." त्यानंतर दर सोमवारी सकाळी तिचा फोन यायचा. "फुली?" ती विचारायची. "नाही," मी म्हणायचे. "बरं." फोन बंद. पंप अजून रोज घेते. कुणाच्याही देखत घेते. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांसमोर चहाच्या आधी पंप काढून ठेवला होता. आई आत जाऊन रडली आणि नवऱ्याला तेच आवडलं.

यंदा मावशी गेली. मी नरपडला पोचले तेव्हा तिची लेक तलासरीहून येऊन घर आवरत होती. जुनी कॅलेंडरं गुंडाळून ठेवलेली सापडली म्हणून तिने माझ्यापुढे टाकली. मी निघाले त्या वर्षाचं उघडलं. सगळं कोरं होतं. एका सोमवारी तेवढी फुली होती, पेन्सिलीची, वाकडीतिकडी, एक रेघ चौकटीच्या बाहेर गेलेली. मी निघाले ती तारीख.

"ही कसली?" लेकीने विचारलं. "आईला तर दमा नव्हता."

"मशेरीचा ठसका असेल," मी म्हटलं.

"तेव्हा कुठे मशेरी लावायची ती?"

पर्समधला पंप मी काढला नाही, त्याचा इथे काही उपयोग नव्हता. कोपऱ्यात मांजराचं पिल्लू बसलं होतं, ते माझ्याकडे बघत होतं. मी दोरीची पेन्सिल घेतली आणि यंदाच्या कॅलेंडरवर, ती गेली त्या तारखेवर, एक फुली मारली. सरळ काही आली नाही.