मामांचा ड्राफ्ट

इंटरनेटवर ज्यांनी ज्यांनी ब्लॉग लिहायची सोय करून ठेवली, त्या सगळ्यांच्या दारात जाऊन, आत डोकावून, ‘ह्यात काय राम न्हाय’ असं तोंडावर सांगून परत आलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. बाकीच्यांचे मामा रिटायर झाल्यावर रंकाळ्याला फेऱ्या मारतात, नातवंडांना चिरमुरे खायला घालतात. आमचे मामा एका सहकारी बँकेतल्या डिमांड ड्राफ्टच्या खिडकीवरून उठले ते थेट राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन बसले. पाठीला प्लायवूड, पुढं कळकट पडदा आणि मांडीवर जेवणाचा डबा. कॅफेवाल्याला आधी वाटलं, म्हातारं वाट चुकून आलंय. पुढं पुढं तोच बिचारा मामांना विचारल्याशिवाय कीबोर्ड बदलेनासा झाला. मूळ गाव नेसरी, त्यात जन्मभर जाळीपलीकडच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळं मामांचा आवाज काही केल्या खाली यायचा नाही. टाइप करतानाही ते प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. शेजारच्या खोक्यात चोरून गेम खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मामांचा ब्लॉग अक्षरन् अक्षर पाठ असायचा.

ह्या उद्योगाच्या आधी त्यांनी खानावळी पालथ्या घातल्या होत्या, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मामी गेल्या त्या मामांच्या रिटायरमेंटच्या आदल्या वर्षी. मूलबाळ नव्हतं. मामी संकेश्वराकडच्या, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलायच्या, आणि माणूस दारात आला की चप्पल काढायच्या आत ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवलास का, असं विचारायच्या. घरातली सगळी पोरं त्यांना मामी म्हणायची म्हणून मामाही स्वतःच्या बायकोला मामीच म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. त्या गेल्यावर मामांना स्वयंपाक काही जमला नाही. आमच्याकडं या म्हटलं की म्हणायचे, भाचीच्या घरी पावणा म्हणून यावं, मुक्कामाला न्हाय. मग त्यांनी शाहूपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत एकेक खानावळ धरली आणि सोडली. एकीची भाकरी चांगली पण वाढणारा बोलत नाही. दुसरीचा रस्सा झकास पण मालक टीव्ही बघत जेवायला वाढतो. तिसरीत सगळं बरं, पण ताटाला वाटी एकच. आता, त्या खानावळीत वाट्या दोन होत्या हे मी स्वतः बघितलंय. पण मामांनी एकदा खानावळ सोडायची ठरवली की वाट्यांची काय बिशाद.

तेच माप त्यांनी ब्लॉगच्या साइटींना लावलं. ह्या साइटींची नावं इंग्रजीत होती आणि मामांना ती नावं घ्यायचा कंटाळा, म्हणून ते त्यांना थोरली खानावळ, निळी खानावळ, परड्यातली खानावळ असं म्हणायचे. प्रत्येक ठिकाणी गेल्या गेल्या आधी लिहायची खिडकी तपासायची. त्या वेळी मराठी लिहिणं म्हणजे इंग्रजी अक्षरं बडवायची आणि पलीकडून काय उगवतंय ते बघत बसायचं. मामांचा तपासणीचा शब्द ठरलेला होता, ‘मामी’. थोरल्या खानावळीनं त्याचं ‘ममि’ केलं, निळीनं ‘ममी’ केलं. निळीवर तर ते इतके भडकले की भर कॅफेत ओरडले, माझ्या बायकोची ममी केली ह्यांनी, पेटीत घालून ठेवत्यात काय तिला. शेजारच्या खोक्यातली पोरं हसली आणि मामाही हसले. मग एकाएकी उठले आणि डबा न उघडताच घरी गेले. हे मला कॅफेवाल्यानं सांगितलं.

तरी चिकाटी दांडगी. कुठल्या खिडकीत अक्षर जाड करायचं बटण कुठं आहे, कुठं एंटर मारला की ओळ बदलते आणि कुठं अख्खा परिच्छेदच पळून जातो, सगळं तोंडपाठ. एका साइटीवर लिहायला दोन खिडक्या होत्या. एकीत मजकूर सरळ दिसायचा, दुसरीत त्याच मजकुराच्या आजूबाजूला कंस आणि खुणा. मामांनी एकदा ह्या खुणा म्हणजे घाण समजून सगळ्या साफ केल्या आणि पुढं आठवडाभर, फोटो कुठं गेला म्हणून कॅफेवाल्याशी भांडले. एका साइटीवर त्यांचा फार जीव होता, कारण भारनियमनात वीज गेली तरी तिथला मजकूर शाबूत राहायचा. ‘लाइट गेली तरी ताट झाकून ठेवती, गुणाची हाय,’ म्हणायचे. तीही पुढं सोडली.

परड्यातल्या खानावळीत मात्र ते रमले. तिथं पोस्टाचे प्रकार वेगवेगळे होते. नुसता मजकूर, फोटो, कुणाचं वाक्य, दुसऱ्या पानाचा दुवा, आणि एक होता संवाद. मामांनी एकही प्रकार शिल्लक ठेवला नाही. फोटो म्हणून डब्यातल्या भेंडीचा फोटो, तोही आडवा. वाक्य म्हणून भाजीवालीचं वाक्य, ‘घ्यायचं तर घ्या, वास कशाला घेताय’, खाली भाजीवालीचं नाव आणि पेठ. दुवा म्हणून स्वतःच्याच निळ्या खानावळीतल्या ब्लॉगचा दुवा. संवादाची गोष्ट निराळी. त्यात आधी नाव, मग टिंबं, मग बोलणं असं लिहिलं की ती साइट एक ओळ पांढऱ्यावर आणि एक ओळ करड्यावर आपोआप मांडून द्यायची. ही एकच गोष्ट मामांनी मला कौतुकानं सांगितली होती. म्हणाले, ‘पावणं, हितं दुसऱ्याला येगळा रंग मिळतोय. ह्ये कुठंच न्हाय.’ दुसरं कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एवढं सगळं करून मामांना पाहिजे काय होतं, तर एका परक्या माणसाचं उत्तर. एकच, पण परक्याचं. म्हणून घरात कुणाला त्यांनी ब्लॉगचा पत्ताही दिला नव्हता. तुम्ही काय, छान छान म्हणणार, त्यात काय मजा, असं त्यांचं म्हणणं. खिडकीवर होते तेव्हा दिवसभर परकी माणसं बोलायची. कुठलं गाव, पाऊस कसा, पोरगीचं जमलं काय. खिडकी बंद झाली आणि बोलणारे एकाएकी गेले. म्हणून ते लिहायचे, आठ-पंधरा दिवस वाट बघायचे, लिखाणाखाली कुणाची अक्षरं उमटत नाहीत म्हटल्यावर लिहायच्या खिडकीत खोट काढायचे, आणि नवीन साइट धरायचे. मला हे वेड वाटायचं. तेव्हा वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. मग एका रविवारी सकाळी मामा आमच्याकडं आले. आमच्या घरी तोवर कॉम्प्युटर आला होता. बायकोनं चहा टाकला, पण त्यांनी पोह्याची बशी बाजूला सरकवली तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिनसलंय. म्हणाले, ‘सगळं बंद करून टाकायचं. पुसून द्या. कुणालाच वाचायचं न्हाय तर उगं कशाला भिताडाशी बोलायचं?’ इतक्या हळू आवाजात बोललेले मामा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मी परड्यातली खानावळ उघडली. समोर मामांच्या लिखाणाची ही लांबलचक यादी, आणि प्रत्येक ओळीपुढं एकच करडा शब्द, ड्राफ्ट. वरपासून खालपर्यंत. मी निळी उघडली, थोरली उघडली. सगळीकडं ड्राफ्ट. मी म्हटलं, मामा, तुम्ही पब्लिशचं बटण कधी दाबलंच नाही? तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच अडाणी. पब्लिश म्हणजे पेपरातली जाहीर नोटीस, म्हणाले. ती जागेच्या भांडणात देतात, नाहीतर पोरगं घरातनं पळून गेल्यावर. भला माणूस ड्राफ्ट करतो. चेक परत येतो, ड्राफ्ट परत येत नाही. ज्याच्या नावानं काढला त्याला तो मिळतोच, हे त्यांनी जन्मभर लोकांना जाळीतून सांगितलं होतं. शिवाय बाजूचं प्रिव्ह्यूचं बटण दाबलं की पान छान सजून समोर दिसायचं, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं.

मग मला सांगावं लागलं की इथला ड्राफ्ट वेगळा. इथला ड्राफ्ट म्हणजे कच्चा कागद, लिहिणाऱ्याच्या खिशातच राहतो, बाहेर कुणाला दिसत नाही. एवढी वर्षं ह्या माणसानं वाट बघितली होती, आणि दार आतून लावलेलं होतं. हसावं की रडावं कळेना. मामांनी त्या यादीवरनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

‘म्हंजे,’ ते म्हणाले, ‘वाचून कुणी गप बसलं, असं न्हाय तर.’

मी म्हटलं, नाही मामा, कुणी वाचलंच नाही.

‘मग ठीक हाय,’ म्हणाले आणि पोह्याची बशी पुढं ओढली.

एक तरी बाहेर जाऊ दे म्हणून मी यादी खाली सरकवत होतो, तेवढ्यात संवाद दिसला. एक नव्हे, पुष्कळ. प्रत्येकाची पहिली ओळ तीच, ‘मामी: ऊट आयता?’ आणि खाली, करड्यावर, मामांचं उत्तर. आज भेंडी होती. आज डबा आला न्हाय, केळी खाल्ली. मी पुढं वाचलं नाही, मामांनी हात आडवा घातला होता. ह्यातलं नको, म्हणाले. मग त्यांनी दुसरंच काढून दिलं, मामी दगडी पाट्यावर कारळ्याची चटणी कशी वाटतात त्याची हकिकत. वाटतात असंच लिहिलं होतं, वाटायच्या नव्हे. बटण मी त्यांनाच दाबायला लावलं.

पुढच्या रविवारी ते पोहे तयार व्हायच्या आधीच हजर. उघडलं, तर चटणीखाली खरोखर कुणीतरी लिहिलं होतं. कुरुंदवाडचा कुणी माणूस. आमच्याकडं अशीच करतात, वाचून तोंडाला पाणी सुटलं, आणि शेवटी, मामींना नमस्कार सांगा.

माझी बायको दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. मामांनी ते मोठ्यानं वाचलं, त्यांच्या मूळच्या आवाजात, खालच्या गल्लीत ऐकू जाईल असं. मग एकेक अक्षर म्हणत उत्तर टाइप केलं. ‘सांगतो की.’ मला विचारलं, पब्लिश काय? मी म्हटलं, पब्लिश. ते त्यांनी दाबलं.

मग त्यांनी संवादाचं पान उघडलं. मी उठायला लागलो तर बसा म्हणाले. मामींची पहिली ओळ नेहमीची. खाली स्वतःच्या नावापुढं त्यांनी लिहिलं, कुरुंदवाडच्या पावण्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. त्याच्याखाली ‘मामी:’ एवढं लिहून ते थांबले. बोटं कीबोर्डवरच, पण अक्षर उमटेना. शेवटी ती ओळ तशीच सोडून त्यांनी ड्राफ्टचं बटण दाबलं. सवयीनं दाबलं असेल म्हणून मी पब्लिशकडं बोट केलं, तर त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

‘ऱ्हाऊ द्या, पावणं. ह्यो ड्राफ्टच बरा. ज्याच्या नावानं काढलाय, त्याला मिळतोय.’