दोन पाळ्यांचा बँड

हंबीरराव मूळचे बेळगावचे. पलटणीच्या बँडातून निवृत्त झाले आणि बोम्मसंद्र्याच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरला लागले. तिथल्या कामगारांचा बँडही त्यांच्याच गळ्यात पडला. तरुणपणी कँटोनमेंटातल्या एका हॉटेलात जॅझ ऐकला तेव्हाच हा माणूस कामातून गेला होता. चार चालींवर भागवायचं सोडून ते मोठ्या ताफ्यासाठी पाऊण तासाची रचना लिहायला बसले.

"एवढं लांबलचक ऐकणार कोण?" बायकोनं, चंपानं विचारलं.

"मी," ते म्हणाले.

रचना झाली, पण ताफा काही एकत्र येईना. अर्धे पहिल्या पाळीला, अर्धे दुसरीला. एक गट कामावर जाण्याआधी सराव करी, दुसरा सुटल्यावर. रविवारी कुणी फिरकत नसे. मधला भाग तर सगळ्यांनी मिळून वाजवायचा! महांतेशचा सॅक्सोफोन दुसऱ्या पाळीला, म्हणून पहिल्या पाळीत त्याची ओळ देवाप्पा ट्रंपेटवर कशीबशी ओढून न्यायचा. दुसऱ्या पाळीतही तीच तऱ्हा. मधेच खड्डा पडायला नको म्हणून हंबीरराव काही बोलत नसत. अशी वर्षं गेली. आता नोकरी संपत आली होती, गुडघे बोलू लागले होते. ते सगळं एकदा एकत्र ऐकायचं, एवढीच एक इच्छा उरली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला यंत्रं बंद असतात. त्या वर्षी साहेबांनी सगळ्यांना मिळून वाजवायची परवानगी दिली. कोहळा फोडून झाला, लेथवर झेंडूच्या माळा चढल्या आणि दोन्ही पाळ्या पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसल्या. सुरुवात झकास झाली. मधला भाग आला आणि नुसता कल्ला उडाला. जो तो आपलंही वाजवत होता आणि शेजाऱ्याचंही.

हंबीररावांनी हात खाली घेतला.

"देवाप्पा, ते माझं हाय की रे!" महांतेश ओरडला.

"तू कधी असतोस? इतकी वर्षं मीच सांभाळलोय."

हंबीररावांना रागवायचंही त्राण नव्हतं. "आपापलंच वाजवा रे. दुसऱ्याचं येईल तिथं स्वल्प गप्प बसा."

पुन्हा सुरुवात झाली. मधल्या भागात देवाप्पानं सवयीनं ट्रंपेट तोंडाला लावला आणि मुकाट्यानं मांडीवर ठेवला. महांतेशचा सॅक्सोफोन एकटा पुढे आला, गोड, लिहिल्याबरहुकूम. कुणीही चुकलं नाही. हंबीररावांचा हात चालू होता, पण कान त्या ट्रंपेटची वाट बघत होते. पाळी करून दमलेल्या माणसानं ओढत नेलेला तो चिरका सूरच इतक्या वर्षांत त्यांना आपला वाटू लागला होता. स्वतः लिहिलेलं आज परक्यासारखं कानावर पडत होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"अण्णा, बरोबर आलं न्हवं?" महांतेशनं हौसेनं विचारलं.

हंबीररावांनी देवाप्पाकडे बघायचं टाळलं.

"बरोबर आलं," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून खाली बसले.