काळ्या मोटारीची टाकी

गाडी सुरू होत होती, हीच खरी पंचाईत होती. अजिबात सुरू न होणारी गाडी परवडली, तिचं दुखणं एका जागी असतं. ही काळी मोटार सेल्फ मारला की गुरगुरायची, फर्लांगभर चालायची आणि आचके देत थांबायची. जरा वेळ गेला की परत सुरू, परत फर्लांगभर. वालूरहून मानवतला येणाऱ्या रस्त्यावर ती सकाळपासून अशी रखडत आली होती आणि शेवटी एका बाभळीखाली तिनं बैठकच मारली होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी परभणीच्या एका गॅरेजात मेकॅनिक होतो. हाताला वळण आहे पण जिभेला नाही, असं आमचे उस्ताद मला रोज ऐकवायचे. त्या दिवशी मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रकच्या कामाला आलो होतो. काम संपत आलं तेवढ्यात एसटीच्या एका ड्रायव्हरनं गाडी थांबवून निरोप दिला, की वालूर रस्त्याला आप्पासाहेबांची मोटार उभी आहे, मिस्त्रीला असेल तसं पाठवा. जिनिंगच्या जीपनं मला टूलबॉक्स, घमेलं, पेट्रोलचा डबा आणि रबरी नळीसकट तिथं सोडलं आणि जीप माघारी गेली.

आप्पासाहेब म्हणजे वालूरकडचे बडे जमीनदार. मोटार निजामाच्या अमलातली, विलायती, हैद्राबादच्या कुण्या जहागीरदाराकडून त्यांच्या वडिलांनी घेतलेली. लांब नाक, बाजूला पायरी, ताटाएवढे दिवे. अख्ख्या जिल्ह्यात तिचा एक पार्ट मिळायचा नाही. काहीही मोडलं की आम्ही खरादवाल्याकडून लेथवर करून घ्यायचो. चालवायचा शेषराव. मिसरूड फुटल्यापासून तो त्याच घरात होता, लग्न त्यांनीच लावून दिलेलं, लेकरंबाळं त्यांच्याच आवारात. मोटार पुसताना तो तिच्याशी बोलायचा, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

आप्पासाहेब सिगारेट ओढत रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, डोक्यावरचा पदर धरून गप बसलेल्या. परभणीला बहिणीकडं जायचं म्हणून निघालेल्या. आप्पासाहेबांना मात्र कोर्ट गाठायचं होतं. बांधाच्या दाव्याची तारीख होती आणि हजर नाही झालं तर निकाल एकतर्फी जाईल, असं वकिलानं बजावलं होतं.

"मिस्त्री, अर्ध्या तासात गाडी पायजे," ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी सिगारेट विझवा, मग बोलू. त्यांना असं कुणी बोलत नसावं. पण विझवली.

गाडी बंद पडली की दोनच गोष्टी बघायच्या असतात, करंट येतोय का आणि पेट्रोल येतंय का. बाकी सगळं त्याच्या पुढचं. प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, शेषरावनं सेल्फ मारला, निळी ठिणगी उडाली. करंट ठीक. मग कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पाजणारं भांडं ते. त्याची वाटी कोरडी ठणठणीत. म्हणजे पेट्रोलच येत नव्हतं.

पेट्रोल टाकीतून ओढून आणतो तो पंप. तो खोलला. आतला पडदा शाबूत. पंपाकडची नळी सोडवली आणि टाकीच्या दिशेनं तोंडानं फुंकलं. हवा जाईना. गाल दुखेपर्यंत फुंकलं तेव्हा एकदम मोकळं झालं आणि टाकीत बुडबुड ऐकू आली. तेव्हा सगळा उलगडा झाला. टाकीत काहीतरी होतं. इंजिन ओढायला लागलं की ते येऊन नळीच्या तोंडावर बसायचं, बंद पडलं की खाली पडायचं. म्हणून तर ती बया चालायची आणि थांबायची.

मी गाडीखाली सरकलो. टाकीच्या बुडाला गाळ काढायचा एक बोल्ट असतो. तो सैल केला आणि खाली घमेलं धरलं. आधी पेट्रोल आलं. मग तांबूस रवाळ लगदा आला, थेंबाथेंबानं, मग गोळ्यागोळ्यानं. गंज असा नसतो, माती अशी नसते. मी बोटानं चोळून पाहिलं. चिकट. वास घेतला तर पेट्रोलचाच. शेवटी काय सुचलं कुणास ठाऊक, टोकभर जिभेला लावलं.

गोड.

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. टायरात खिळे, रेडिएटरमध्ये बेडूक, सायलेन्सरमध्ये उंदराचं बिऱ्हाड, सगळं पाहिलं होतं. पण पेट्रोलच्या टाकीतून गोड निघालेलं बघून माझं डोकंच चालेना.

"काय हाय?" वरून आप्पासाहेब.

मी बाहेर आलो, घमेलं पुढं केलं आणि म्हटलं, "गूळ दिसतोय."

ऐकलं आणि त्यांचा चेहराच फिरला. क्षणभर ते घमेल्याकडं पाहत राहिले. मग वळले आणि शेषरावच्या कानाखाली अशी लगावली, की त्याची टोपी रस्त्याच्या पलीकडं जाऊन पडली.

शेषराव तर वेडाच झाला. हात गालावर, तोंड उघडं, डोळे मालकाच्या तोंडावर. त्याला कळतच नव्हतं, मार कशाचा बसला ते.

आप्पासाहेबांचा हिशोब सरळ होता. आज तारीख. आजच गाडी बंद. टाकीत गूळ. म्हणजे दाव्यातल्या समोरच्या माणसानं ड्रायव्हर फोडला. टाकीत गूळ किंवा साखर घालून दुष्मनाची गाडी बसवायची, ही गोष्ट त्या काळी सगळ्यांनी ऐकलेली होती.

"गाडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागतोय? बोल. काय घेतलंस त्याच्याकडून?"

"आप्पासाब, लेकराची आण. मला काईच ठाव न्हाई."

"आता मानवतच्या ठाण्यातच बोल. मिस्त्री, तुमी साक्षीला हाव. तुमच्याच हातानं गूळ निघालाय."

मी टाकीत काय आहे ते सांगितलं होतं, आणि त्याचं कुठच्या कुठं चाललं होतं. त्या काळी ठाण्यात मोठ्या माणसानं आणून उभा केलेला गरीब माणूस कसा बाहेर यायचा, ते मला माहीत होतं. आमच्या वस्तीतली दोन पोरं मी तशी बाहेर येताना पाहिली होती. शेषराव रस्त्यावरच खाली बसला. त्याची टोपी मी उचलून आणली, पण त्यानं ती घेतलीही नाही, म्हणून मोटारीच्या पायरीवर ठेवली.

मी म्हटलं, साहेब, आधी टाकी पुरती बघू द्या. नुसता गूळ एवढा रवाळ नसतो. ते म्हणाले, बघा काय बघायचं ते. मी डिकी उघडली. तळाला एक गोल झाकण असतं, पेट्रोलचा काटा दाखवणाऱ्या तरंगीचं. त्याचे स्क्रू काढले, बाही कोपराच्या वर सारली आणि हात आत घातला. तळाशी काहीतरी मऊ लागलं. अंगावर सर्रकन काटा आला. मेलेलं जनावर असेल म्हणून मी चिमटीत धरून हळूच वर काढलं.

गुंडाळी होती. पिठाची, काठ शाबूत असलेली, पेट्रोल पिऊन फुगलेली. अर्धी उलगडली तसं आतून पिवळं पुरण सांडलं.

पुरणपोळी होती.

मी ती हातात धरून उभा, आप्पासाहेब तिच्याकडं बघत उभे, शेषराव बसल्या जागेवरून मान वर करून बघतोय. रस्त्यानं एक बैलगाडी गेली, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता. गाडीवानानं आमच्याकडं बघितलं आणि बैल जरा जोरात हाकले. दुष्मनी करायला माणूस गुळाची ढेप टाकेल, साखर टाकेल. पुरणपोळी कोण टाकतो? माझ्या डोक्यात हा प्रश्न आला, तसा आप्पासाहेबांच्याही आला असणार, पण हात उगारून झाला होता. ते म्हणाले, "ह्याच्याच घरची असल."

तेव्हा मोटारीचं मागचं दार उघडलं. बाईसाहेब खाली उतरल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या.

"त्याला काऊन मारलं?" त्या म्हणाल्या. "पोळी मी घातली."

नवऱ्यासमोर, परक्या माणसादेखत त्या बाईनं तोंड उघडलं, हाच मला पहिला धक्का. काय बोलल्या ते ध्यानात यायला वेळ लागला.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. यंदा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून बैलं विकली होती. ट्रॅक्टर काही अजून आला नव्हता. रिकाम्या गोठ्यात मोटार उभी करायला लागले होते. पोळ्याच्या दिवशी दर साली त्यांच्या हातानं बैलांच्या तोंडात पुरणपोळी जायची, लग्न होऊन आल्यापासून. यंदा ताट घेऊन गोठ्यात गेल्या तर दावणीला कुणीच नाही.

"मोकळं ताट घेऊन कशी येऊ? मोटार उभी होती. सगळा बारदाना तीच ओढायलीय आता. हळदकुंकू लावलं. म्हटलं, बैलाच्या तोंडात घालताव, कपाळावर ठेवत न्हाई. शेषराव जिथून तिला तेल पाजतोय, तेच तिचं तोंड. झाकण काढलं, लहान लहान गुंडाळ्या केल्या आन् सारल्या. चार गेल्या."

जुन्या गाड्यांच्या टाकीचं तोंड चांगलं रुंद असायचं आणि हिची जाळी केव्हाच गळून गेलेली. गेल्या असतील चार. सणापासून मोटार बाहेर निघाली नव्हती, म्हणून कळायला आजचा दिवस उजाडला.

"मग इतका वेळ बोलल्या कामून न्हाईत?" आप्पासाहेबांचा आवाज बसला होता.

"भ्याले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गाडी सुदरंल आन् झाकून जाईल. तुमी त्याला मारसाल असं वाटलं न्हाई."

हसावं की रडावं तेच मला कळेना. आजही कळत नाही. मी आपला खाली वाकून कामाला लागलो, कारण तिथं उभं राहवत नव्हतं.

टाकी धुवायला वेळ नव्हता. मग रस्त्यावरचा इलाज केला. टाकीला हातच लावायचा नाही. माझ्याजवळचा पेट्रोलचा डबा टपावरच्या कॅरियरला बांधला आणि रबरी नळीनं थेट कार्बोरेटरला जोडला. उंचावरचं पेट्रोल आपोआप खाली येतं, त्याला पंप लागत नाही. सेल्फ मारला. गाडी अशी सुरू झाली, जसं काही घडलंच नव्हतं.

पण चालवणारा बाभळीखाली बसला होता. आप्पासाहेबांना मोटार चालवता येत नव्हती. ते म्हणाले, शेषराव, चल, उशीर व्हायलाय. तो हलला नाही. ते माझ्याकडं वळले, तुम्ही चालवा म्हणाले. मी म्हणालो, चालवतो. काय म्हणणार?

बाईसाहेब बसल्या नाहीत. त्या शेषरावसमोर गेल्या. "चूक माझी हाय आन् मार तुला बसला," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या पाया पडते." आणि खरंच वाकायला लागल्या.

शेषराव चटका बसल्यासारखा उठला. "बाईसाब, नका, मला पाप लावू नका," एवढंच बोलला. पायरीवरची टोपी उचलली, झटकली, घातली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. आप्पासाहेब मागं बाईसाहेबांशेजारी तोंड फिरवून बसले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी वाट पाहिली होती, म्हणून नक्की सांगतो.

मी शेषरावशेजारी बसलो, बाहेर हात काढून डब्याची नळी धरली. परभणीपर्यंत त्यानं गाडी इतकी जपून चालवली, की टपावरचा डबा हललासुद्धा नाही. त्याचा डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता.

कोर्टाच्या आवारात आम्ही वेळेत पोचलो. आप्पासाहेब धावत आत गेले. शेषरावनं मागचं दार उघडून धरलं, बाईसाहेबांना वाकून नमस्कार केला आणि चावी माझ्या हातात ठेवली.

"मिस्त्री, टाकी धुवून द्या. आन् साहेबास्नी सांगा, दुसरा मानूस बघा."

मी म्हटलं, अरे, लेकरंबाळं त्यांच्या आवारात आहेत तुझी, जरा विचार कर. तो म्हणाला, त्यांनाच आणायला चाललोय. आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला.

थोड्या वेळानं आप्पासाहेब बाहेर आले. समोरच्या पार्टीचा वकील आजारी होता, पुढची तारीख पडली होती. ते पायऱ्या उतरता उतरता सवयीनं ओरडले, "शेषराव, गाडी काढ." कुणी ओ दिली नाही. त्यांनी परत हाक मारली. मग माझ्या हातातल्या चावीकडं त्यांचं लक्ष गेलं आणि ते पायरीवरच बसले. बाईसाहेब मोटारीत तोंडाला पदर लावून रडत होत्या, ते आवारातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

मोटार आम्ही गॅरेजला नेली. टाकी उतरवून गरम पाण्यानं धुतली, वाळवली, पेट्रोलनं खंगाळली आणि तोंडाला नवी जाळी बसवली. गाडी फर्स्ट क्लास झाली. ती न्यायला भाड्याचा ड्रायव्हर आला होता.

मी पुढं खूप वर्षं काम केलं. टाक्यांमधून नाही नाही त्या वस्तू काढल्या. पण टाकी खोलायची म्हटली की मी गाडीच्या मालकाला आधी चहाला पाठवायचो, आणि काय निघालं ते विचारलं तर कचरा होता म्हणून सांगायचो.