याकोबकाकांनी काय काय सोडलं

दर वर्षी ईस्टरच्या आधी उपासकाळ यायचा आणि जाताना दोन-चार किस्से मागे ठेवून जायचा. माणसं मात्र होती तशीच राहायची! निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं तेव्हाची गोष्ट. जालन्याच्या मिशन कंपाउंडातल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमच्या चर्चमध्ये प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, ईस्टरपर्यंत आपण काय सोडणार. त्यानं मन पालटतं, असं चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, म्हणायचे.

*

एका वर्षी साहेब स्वतःच उभे राहिले. "मी राग सोडतो."

तेवढ्यात मागे कुणाचं तरी तान्हं रडलं. साहेब गरजले, "त्याला आधी बाहेर न्या!"

*

मार्थाकाकू म्हणजे आमच्या सुतार याकोबकाकांची बायको. त्यांनी मटण सोडलं.

मी विचारलं, "काकू, तुमच्याकडं मटण शिजतं कधी?"

"म्हणून तर जमून राह्यलं!"

काकू हसल्या, पण लक्ष सगळं नवऱ्याकडं. एकुलत्या एका पोरानं, शमुवेलनं, न विचारता लग्न केलं म्हणून काकांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. तो राजूरला राहायचा. बापाचं मन पालटलं तर याच दिवसांत पालटेल, एवढीच त्या माउलीची आशा.

*

सोडण्यात याकोबकाकांचा हात धरणारा कुणी नव्हता. चहा सोडला, विडी सोडली, एका वर्षी मीठसुद्धा! शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, "याकोबराव, मीठ खा हो. पोरावरचा राग सोडा."

काकांनी फळीवरचा रंधा थांबवला. "तो बी सोडला, तर मंग राह्यलं काय माझ्याजवळ?"

ते ऐकून माझा तर उपासावरचा विश्वासच उडाला.

*

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी आमच्याकडं ज्यानं त्यानं शेजारी बसलेल्याचे पाय धुवायचे. एका वर्षी काकूंनी पोराला गुपचूप निरोप धाडला, "ये, आन बापाच्या बाजूला बस."

तो आला, बसला. काकांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि गुडघ्यांवर बसले. घमेल्यात पोराचे पाय चोळून धुतले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसले. शमुवेल हमसून रडत होता. काकू तर तशाच उठून घरी पळाल्या, त्याच्यासाठी भाकरी टाकायला!

आम्ही चार-पाच जण बापलेकांना घरापर्यंत सोडायला गेलो. काका आत शिरले आणि पोराच्या तोंडावर दार लावून घेतलं.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आत्ताच त्याचे पाय धुतले ना तुमी!"

"प्रभूनं पाय धुवाया सांगितलं, धुतले. घरात घे म्हून न्हाई सांगितलं!"