पाचवाल्यांची शिफारस

अहिरे सर गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर इंग्रजीत आलं. खाली जोडलेल्या हातांची चित्रं भराभर पडत गेली, मीही एक टाकलं. स्टाफरूममध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, तुम्ही तर त्यांच्या फार जवळचे ना? मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही... त्याला आता महिना होऊन गेला. लिहायला बसलोय, कारण बोलणं मला आयुष्यात कधी जमलं नाही.

विलास अहिरे मूळचा नामपूरचा. आम्ही आधी नाशिक रोडच्या एका मराठी शाळेत होतो, तो गणिताला, मी भूगोलाला. शहराबाहेर द्राक्षबागांच्या पलीकडे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली तेव्हा तिथे जायचं डोकं त्याचं. माझा अर्जही त्यानेच भरला. मला इंग्रजीतून शिकवायची धास्ती होती. तो म्हणाला, नकाशाला कुठली आलीय भाषा? रंगात आला की तो अहिराणीवर घसरायचा. पालकसभेत आईबापांनी त्याला पिळून काढलेलं असायचं, आणि नंतर चहा पिताना मला म्हणायचा, "तुन्हं बरं शे, भूगोल. डोंगरस्ना मायबाप शाळामा येतस नही." माझं नाव त्याने कधी घेतलं नाही. मी कायम भूगोलच.

आमच्या शाळेत निकालाला ग्रेड, एक ते सात; सात सर्वांत वरची. अकरावीला गणिताचे दोन कोर्स, एक साधा आणि एक उच्च. उच्च गणित घेतलं नाही तर पोराच्या आयुष्याचं मातेरं झालं, असं पालकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे त्या वर्गासाठी झुंबड, रुसवेफुगवे, वरून फोन. शेवटी प्रवेशाचं धोरण ठरवायला समिती नेमली. तीत आम्ही दोघंही होतो. दहावीला सहा किंवा सात असेल तर सरळ प्रवेश, चार किंवा खाली असेल तर नाही, इथवर सगळ्यांचं जमलं. घोडं अडलं पाचवर. बाकीचे म्हणत होते, पाचवाले नकोतच. अहिरे हटून बसला. त्याचं म्हणणं, पाचवाल्यांत एखादं पोर असं निघतं की त्याला गणिताची भूक असते, फक्त वेळेत पेपर संपत नाही, आणि ते पोर कोणतं हे शिकवणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून पाचवाल्यांना विषयशिक्षकाच्या शिफारशीवर घ्यावं, असं कलम त्याने घालून घेतलं. त्याच्या बाजूने पहिला हात मी वर केला होता.

पुढे काही वर्षांनी माझी मुलगी मुक्ता त्याच्याच वर्गात दहावीला आली. तिला पाच मिळाली. वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. शिफारस करणारा माणूस कोण, तर तिला लहानपणी खांद्यावर बसवून गोदाघाटावर फिरवणारा. बायकोला मी सांगूनही टाकलं, झालंच समज. प्रवेश जाहीर झाले आणि उच्च गणितात मुक्ताचं नाव नव्हतं. मी तडक त्याच्याकडे गेलो.

"राहिलं का चुकून?"

"चुकून नाही राहिलं."

"तिच्याहून कच्च्या पोराची शिफारस केलीस तू."

"केली."

"मग हिची का नाही?"

तो वह्यांचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिला. मग म्हणाला, "शिक्षकाने कारण द्यावं असं आपल्या धोरणात कलम नाही रे, भूगोल."

मी तिथून निघून आलो. माझा स्वभाव भांडायचा नाही, साठवायचा आहे. चहा वेगळा सुरू झाला. समोर आलो की नमस्कार, बास. मनात एकच, की ज्याने घरचा म्हणून माझ्या ताटात जेवण केलं त्याने ऐन वेळी हात काढून घेतला. पुढल्या वर्षी काही पालकांनी लेखी तक्रार केली, अहिरे सर ग्रेड फार कडक देतात, आमच्या मुलांचे परदेशातले प्रवेश जातात. समितीची बैठक झाली. प्रिन्सिपल मॅडमनी एकेकाला मत विचारलं. त्याच्याइतकं काटेकोर तपासणारा माणूस मी पाहिलेला नाही. एकच पेपर दोनदा, आधीचे गुण झाकून तपासायचा. हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "त्यांच्या ग्रेडमध्ये सातत्य नाही." एवढंच. तो समोरच बसला होता. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. नव्या सत्रापासून उच्च गणित त्याच्याकडून काढलं, सहावी-सातवी दिली. जाईपर्यंत तो अपूर्णांकच शिकवत होता.

अंत्यविधी नामपूरला झाला. मुक्ता पुण्याहून आली. ती तिथे इतिहास शिकते. तिचं रडणं मला जरा जास्तच वाटलं. परतताना सटाण्याच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे आमची गाडी अडकली, तेव्हा ती पुढे बघतच म्हणाली, "बाबा, मीच सांगितलं होतं काकांना. माझी शिफारस करू नका म्हणून."

वर्षभर गणिताच्या तासाआधी तिच्या पोटात दुखायचं. मला सांगायची हिंमत झाली नाही, त्याला सांगितलं, आणि बाबांना कळू देऊ नका अशी शपथ घातली. त्याच्याकडून वरचे वर्ग गेले तेव्हा ती पुन्हा त्याच्याकडे गेली होती, आता सांगून टाका म्हणाली. त्यावर तो तिला म्हणाला, "तुझा बाप माझ्यावर रागावला तर फार तर चहा सोडतो. तुझ्यावर रागावला तर तुमच्या घरी कोणी धड जेवणार नाही. राहू दे."

मग मी तिला बैठकीत काय बोललो होतो ते सांगितलं. पहिल्यांदाच, कोणालाही.

"त्यांच्यासमोर?" तिने विचारलं.

"समोरच."

घरी पोचल्यावर बॅग उचलून आत गेली. अजूनही फोनवर ती आईशीच बोलते.

खरं लिहायचं तर मला आधी राग आला, पश्चात्ताप मागून. माझ्या लेकीच्या पोटातलं दुखणं माझ्या मित्राला माहीत आणि मी मात्र बाहेरचा. दोघांनी मिळून मला फसवलं... त्याने कानात नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का? नसतं ऐकलं. अपील केलं असतं आणि तिला त्या वर्गात कोंबलंच असतं. त्याने मला बरोबर ओळखलं होतं, याचीच चीड येते. आणि भांडायला आता तो नाही.

परवा शाळा सुटल्यावर गणिताच्या खोलीकडे गेलो. दाराबाहेर एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची असते. ग्रेडबद्दल बोलायचं असलं की अहिरे पोराला आत घ्यायचा, आईबापांना त्या खुर्चीवर बसवायचा आणि दार लोटून घ्यायचा. सातपूरचे मोठमोठे कारखानदार तिथे ताटकळलेले मी पाहिलेत. मला त्याने कधी बसवलं नाही, मी सरळ आत शिरणारा. नव्या शिक्षिकेनेही ती रीत तशीच ठेवलेली दिसली. आत कोणी मुलगी हळू आवाजात बोलत होती. मी खुर्चीवर बसलो. पंख्याच्या घरघरीपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. शिपाई म्हणाला, सर, तुम्ही जा ना आत, तुम्हाला कोण अडवतंय.

म्हटलं, नको. तिचं बोलून होऊ दे.