तशीच चालत ये

"ताई, वर येताना तशीच चालत ये हं," सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

वाकडच्या मॉलमधल्या थिएटरात आमच्या सिनेमाचा पहिला खेळ नुकताच संपला होता. सर म्हणजे दिग्दर्शक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मित्रांना गोळा करून त्यांनी हा सिनेमा काढलेला. तशीच म्हणजे सिनेमातल्यासारखी, डाव्या पायाने लंगडत. मी तशीच चालत गेले. का गेले, माहीत नाही. सेटवर सर सांगतील ते करायची सवय लागली होती, एवढंच.

माइकवर त्यांनी आधी माझ्याबरोबर काम केलेल्या पुण्याच्या मॅडमची ओळख करून दिली. "अप्रतिम अभिनेत्री." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि ही अभिनेत्री नाही. ही खरी आहे. हिला काही करावंच लागलं नाही."

टाळ्या. मॅडमपेक्षा जास्त.

राग आला नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी उभी होते. हसलेसुद्धा.

खरी म्हणे! मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासते. माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. सिनेमातली ती गटार-कामगाराची विधवा मी उभी केली होती. नवव्या वर्षी जयंतीला विहारापुढच्या स्टेजवर पहिलं काम केलं. पुढे कामगारांच्या नाट्यस्पर्धेत अकरा नाटकं, शिफ्ट बदलून घेऊन तालमी. या भूमिकेसाठी आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींच्या मागे महिनाभर फिरले. गुडघा धरला की त्या टाच टेकवत नाहीत, चवड्यावर भार घेतात. ते आरशापुढे घोटलं. शूटिंग संपेपर्यंत चहाला जातानाही तो पाय सोडला नाही. युनिटला वाटलं, बाई लंगडीच आहे. मला बरंच वाटलं. काम जमलं म्हणायचं.

सरांनी मात्र तो पाय माझ्या आडनावाला जोडला होता. "ऑडिशन कशाला? तुमच्यात हे आतूनच असतं," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी ते कौतुक समजले. इतकी वर्षं स्टेजवर काढून मला एवढं कळू नये?

प्रेक्षकांतल्या एका बाईंनी विचारलं, "पायाला काय झालं हो तुमच्या?"

सर उत्तर द्यायला लागले. मी माइक घेतला.

"काही नाही झालं. तो अभिनय होता."

स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालून दाखवलं. कोणी टाळी वाजवली नाही. सर हळूच म्हणाले, "ताई, सगळी मजा घालवलीस."

आठवड्याने त्यांचा फोन आला. पुढच्या सिनेमात कचरा वेचणारी बाई आहे. "तुझ्यासाठीच लिहिलीय. काही करावं लागणार नाही."

"अजून कोण आहे त्यात?"

"वकीलबाई. पण ती मॅडम करतायत."

"मला तिची ऑडिशन द्यायचीय."

सर हसले. कुत्सितपणे नाही, खरंच गंमत वाटून. "अगं ताई, लोकांना पटायला नको का?"

"मग वेचणारीचीही ऑडिशन घ्या. मॅडमची घ्या, माझीही घ्या."

"बघतो," म्हणाले. काम गेलं, हे तेव्हाच कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कॅमेऱ्यापुढे पुन्हा कधी उभी राहीन, सांगता येत नाही. पण माझं ठरलंय. झाडणारी करीन, वेचणारी करीन, न्यायाधीशही करीन. ऑडिशन देऊन करीन. फुकटची खरी होणार नाही.