शामूच्या दगडावरचं कोकरू

काय झालं ते आधी सांगते.

१. मागच्या हंगामात वसमत तालुक्यातल्या एका शेतात हळद शिजवायचा कुकर फुटला.
२. कुकर चालवणारा माझा धाकटा भाऊ शमुवेल, घरचा शामू, वय चोवीस, जागीच गेला.
३. त्याच्यासोबत काम करणाऱ्या तीन बायका वाचल्या.
४. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधलेला सापडला.
५. तार कुणी बांधली, हे कुठल्याही कागदावर नाही.
६. डिसेंबरच्या शेवटी मी कबरीचा दगड ठरवायला गावी गेले. तीन दिवस राहिले.

या ब्लॉगवर मी एरवी किल्ले आणि घाट लिहिते. या वेळी जिथे गेले तिथे पाहण्यासारखं फारसं काही नाही. तरी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर रस्ता उपयोगी पडेल.

पुण्याहून नांदेडची रेल्वे धरावी, सकाळी परभणीला उतरावं. एसटी स्टँड जवळच आहे. वसमतची गाडी तासाभरात मिळते आणि बायकांना अर्धं तिकीट लागतं. खिडकीतून आधी कापसाच्या पऱ्हाट्या दिसतात, मग ऊस, मग हळद. डिसेंबरअखेर हळदीची पानं कडेने पिवळी पडायला लागतात. वसमतहून आमच्या गावाला शेअर रिक्षा जाते, पण दहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. मी चाळीस मिनिटं थांबले.

गावात ख्रिस्ती घरं पाच. पत्र्याचं एक प्रार्थनाघर, आणि कालव्याच्या कडेला दफनभूमी. शामूची कबर अजून मातीचीच होती, वर विटांची एक ओळ. आईने तिच्यावर झेंडू लावलेला. झेंडू वाळला होता.

आईने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली आणि लगेच सांगितलं, "दगडावर कोकरू काढायचं. मिस्त्रीला सांगून आले मी."

अंत्यविधीला आमचे पास्टर कोकऱ्यावरच बोलले होते. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फार जुन्या काळी माणसाच्या पापाबद्दल निर्दोष कोकरू अर्पण करायची रीत होती. येशू हे तसं शेवटचं कोकरू, त्याच्यानंतर कुणालाही अर्पण करायची गरज उरली नाही, असा आमचा विश्वास. पास्टर नीटच बोलले असतील. पण गावाने त्यातलं निम्मं उचललं. शामू कोकऱ्यासारखा गेला. शामूने बलिदान दिलं.

संध्याकाळी कुकरचे मालक घरी आले. वयस्क, सभ्य माणूस. चहा घेतला.

"पोरगं लई भलं होतं, ताई. तिघींसाठी जीव दिला त्यानं. दगडावर तसंच लिवा, काय लागंल ते मी बघतो."

"कुकर कुठे आहे?"

"हाय की घरी. वेल्डिंग करून घेतलं."

"आणि व्हॉल्व्ह?"

"बघू, हंगाम तोंडावर आला की."

कुकर न पाहिलेल्यांसाठी: ट्रॅक्टरला जोडून शेतोशेत नेतात असा गाडा. भट्टी, तिच्यावर पाण्याची टाकी, बाजूला हळदीचे ड्रम. टाकीतली वाफ नळीने ड्रममध्ये सोडून हळद शिजवतात. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीची वाफ बाहेर जाते. व्हॉल्व्ह बांधला की वाफ वाया जात नाही, काम लवकर उरकतं. टाकी किती वेळ टिकेल ते मात्र कुणाला सांगता येत नाही. मी पुण्यात एका कारखान्यात अशाच टाक्या तपासते. शामूला हे फोनवर दोनदा समजावलं होतं.

तार मालकाने बांधली, असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. बलिदान म्हटलं की तारेबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून मला तो शब्द दगडावर नको होता, आणि कोकरूही नको होतं. पण आईला हे पटवायचं तर आधी मला नक्की काय झालं ते कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंकडे गेले. वाचलेल्या तिघींतल्या त्या एक. त्यांचा तांडा कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्यापासून आत. फाट्यावर ट्रकवाल्यांच्या गर्दीत गरम खिचडी मिळते, ती खाऊनच पुढे निघावं, कारण आत चहाशिवाय काही नाही. फाट्यावरून जीप मिळते. शेवटचा दीड किलोमीटर चालत. उन्हात सावली नाही, पाणी सोबत ठेवावं.

शेवंताबाई अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होत्या. मला पाहून काठी खाली ठेवली.

"शामूची बहीण ना तू? नाक तसंच हाय. काहून आलीस एवढ्या लांब?"

त्या दिवशी काय झालं, तेवढंच मी विचारलं.

"पाणी आणा म्हणला. तिघी बी जा म्हणला कालव्यावर. मी म्हणलं, अरं पिंप भरलेलं हाय की. तर वरडला माझ्यावर. कधी वरडत नव्हता. आमी गेलो. मागं वळून बघितलं तर पक्कड घेऊन वर चढून राहिला होता, तार सोडायला."

"तार कुणाची होती?"

त्यांनी शेंगांकडे पाहिलं.

"सांगा. मी भांडायला आलेले नाही."

"त्यानंच बांधली होती सकाळी. म्हणला, मावशे, आज चार वाजता मोकळं होऊ. आमी बी हासलो. आमाला बी घरी जायचंच होतं ना."

मी वहीत लिहायला पेन काढलं होतं. ते तसंच परत ठेवलं.

आत त्यांच्या सुनेने चहा ठेवला. शेवंताबाई म्हणाल्या, "मी वाचले म्हणून घरच्यांनी देवीला बोकड दिला. तुमच्यात काय देतात?"

"आमच्यात एकदाच दिलं गेलं. पुन्हा द्यायचं नसतं."

"बरं हाय मग. बोकड काय कमी महाग झालाय?"

सून हसली. मीही थोडी हसले असेन. निघताना त्यांनी पिशवीभर तूर दिली आणि म्हणाल्या, "मायला सांगू नको. एवढं तरी राहू दे तिला."

परतीच्या जीपमध्ये मी याचाच विचार केला. सांगितलं तर आईकडे जे उरलंय तेही जाईल. नाही सांगितलं तर मी एका खोट्या दगडाला हो म्हणेन.

तिसऱ्या दिवशी आई आणि मी वसमतला मिस्त्रीकडे गेलो. रस्त्यालगत पत्र्याचं छप्पर, दारात अर्धवट नंदी, पांढऱ्या दगडातली बुद्धमूर्ती, घरांच्या नावाच्या पाट्या. काळ्या दगडावर त्याने खडूने कोकरू काढून ठेवलं होतं. हात चांगला होता. कोकऱ्याच्या गळ्यात दावं होतं आणि दाव्याच्या टोकाला खुंटी.

आईने विचारलं, "हे दावं काहून?"

"मावशी, बळीचं म्हणल्या ना तुमी? बिनादाव्याचं उभं राहील का ते?"

"आमचं उभं राहिलं," आई म्हणाली. तिने पदराचं टोक त्याच्या माठातल्या पाण्यात बुडवलं आणि दावं पुसलं, मग खुंटी पुसली. "ह्याला कुणी बांधलं न्हाई. आपल्या पायानं गेलं."

हे मला सहन झालं नाही. मी तिला बाहेर पायरीवर आणलं.

"आई, तार शामूनेच बांधली होती."

ती पदर पिळत राहिली. "मला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. आदल्या दिशी जेवताना म्हणला, व्हॉल्व्ह सारखा उडतो, तार मारावी लागंल. मी म्हणलं, ताईला इचार. म्हणला, ताई बोंबलती."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

"मग त्याला कोकरू कशाला म्हणतेस? कोकरू निर्दोष असतं."

"मी कधी म्हणलं गं शामूला कोकरू?" आई पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "गाव म्हणतं, तो मालक म्हणतो. एवढी शिकलीस आन एवढं कळंना? दगडावरचं कोकरू शामू न्हाई. शामूसाठी गेलं, ते हाय. चुकलेल्याच्याच दगडावर पायजे ते. बिनचुकीच्याला काय करायचं त्याचं?"

दहा महिने तिला हे माहीत होतं. मला फोनवर ती फक्त जेवलीस का विचारायची.

आतून मिस्त्रीने विचारलं, "मालकाचा फोन आलता. खाली 'बलिदान' घ्यायचं का?"

"न्हाई," आई म्हणाली. नाव, जन्म, मृत्यू आणि बिनादाव्याचं कोकरू. दगड जानेवारीत बसेल.

त्याच संध्याकाळी आई मला रिक्षापर्यंत सोडायला आली. दुसऱ्या दिवशी मी पुण्यात कामावर होते, समोर टाकी, हातात दाबाचा मीटर. प्रवास सोपा आहे, गर्दी नाही, लोक पत्ता नीट सांगतात. मनावर काय राहिलं असं विचाराल तर ते पिंप राहिलं, जे भरलेलं होतं आणि तरी त्याने तिघींना पाण्याला पाठवलं. आईला तिच्या कोकऱ्याचा आधार पुरतो. मला अजून पुरत नाही. पण एक गोष्ट मी तिच्याकडून घेतली आहे. आमच्या विश्वासाप्रमाणे ते अर्पण एकदाच झालं आणि संपलं. मग हळद चार वाजता उरकावी म्हणून आणखी एक माणूस जायला नको.

हा मजकूर मी कुकरच्या मालकांना पाठवला आहे. काका, तार तुम्ही बांधली असं मी दहा महिने समजत होते, ते चूक होतं. तो व्हॉल्व्ह मात्र अजून जुनाच आहे आणि फेब्रुवारीत तुमच्या कुकरवर दुसरा कुणी चढेल. मी दोन दिवस सुट्टी काढून येते, टाकी आणि व्हॉल्व्ह दोन्ही तपासते. नवा व्हॉल्व्ह लागला तर मीच घेऊन येईन. येऊ की नको, एवढंच २५ जानेवारीपर्यंत कळवा.